गच्चीवरचं सोलर: आधी सावली, मग कोटेशन

आमच्या गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यात मार्गशीर्षात कपडे वाळत नाहीत. जिन्याची खोली नैऋत्येला, तिच्यावर पाण्याची टाकी, आणि दोघी मिळून दुपारभर त्या कोपऱ्यावर सावली धरतात. म्हणून दोरी पहिल्यापासून आग्नेयेला बांधलेली. हे मला वर्षानुवर्षं माहीत होतं, पण त्याची किंमत कळली २०२४ च्या मे महिन्यात. एक सोलरवाला मुलगा गच्ची बघायला आला, कमरेवर हात ठेवून चारी बाजूंना नजर फिरवली आणि म्हणाला, "काकू, फर्स्ट क्लास गच्ची आहे. सावलीच नाही कुठे. हा कोपरा घेऊ, तुमची वाळवणाची जागापण वाचेल." त्याने बोट दाखवलं ते नेमकं ईशान्येकडे.

तो खोटं बोलत नव्हता. त्या दिवशी सावली खरंच नव्हती. नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे २० मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि टाकीची सावली टाकीच्या पायातच मावते. पुढे जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत तर भर दुपारी ऊन किंचित उत्तरेकडून येतं. मे महिन्यात गच्ची पाहणं म्हणजे लग्नात मुलगी पाहण्यासारखं, सगळं छानच दिसतं.

आमचं घर इंदिरानगरातलं रो-हाउस. नोकरीत मी लेखा विभागात होते, त्यामुळे प्रत्येक गोष्ट वहीत उतरवायची खोड आहे. सोलरसाठी दोनशे पानी रजिस्टर केलं तेव्हा हे हसले होते. आता गल्लीतली माणसं ते रजिस्टर मागायला येतात, म्हणून त्यातलंच इथे मांडते. मी इंजिनिअर नाही. पण पैसे माझे होते आणि गच्चीही माझी.

सावली कशी मोजायची

विक्रेत्याला फोन करण्याआधी हे करा. गच्चीवर आणि आजूबाजूला जे जे उंच आहे त्याची यादी करा: जिन्याची खोली, टाकी, शेजाऱ्याची वाढवलेली भिंत, नारळ, मोबाइल टॉवर. पॅनेलची खालची कड जिथे येणार त्या पातळीपासून प्रत्येकाची उंची मोजा. मग डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं ऊन डोळ्यांसमोर आणा, कारण वर्षातली सगळ्यात लांब सावली तेव्हा पडते. नाशिकात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या सुमारास. तेव्हा सावली उत्तरेला पडते आणि वस्तूच्या उंचीपेक्षा जराशीच आखूड असते. सकाळी साडेनऊला ती वायव्येकडे झुकते, दुपारी साडेतीनला ईशान्येकडे, आणि दोन्ही वेळा लांबी उंचीच्या जवळजवळ दुप्पट होते. आमची जिन्याची खोली आठ फूट, वर टाकी चार फूट, एकूण बारा. म्हणजे डिसेंबरात साडेबाराला अकरा फूट आणि साडेतीनला बावीस फूट सावली. मुलाने दाखवलेला कोपरा दुपारनंतर पूर्ण काळोखात.

हिशेबावर माझा विश्वास आहे, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत हाही नियम आहे. २२ डिसेंबर २०२४ ला रविवार होता. मी खडू घेऊन गच्चीवर बसले. नऊपासून दर अर्ध्या तासाने टाकीच्या सावलीची कड लाद्यांवर आखायची आणि बाजूला वेळ लिहायची. ह्यांनी चहाचा कप उन्हात ठेवला होता, पेपरचं एक पान होईतो तो सावलीत गेला. चारपर्यंत गच्चीवर लंगडीचे पट्टे आखावेत तशा रेघा झाल्या. ज्या भागात एकही रेघ गेली नाही तो पॅनेलचा भाग. आमच्याकडे तो निघाला आग्नेय. वास्तुशास्त्रवाले एक भाऊजी खूश झाले, अग्नीची दिशा म्हणाले. मी काही बोलले नाही. कपड्यांची दोरी मात्र हलवावी लागली.

इतका खटाटोप कशासाठी? पॅनेल एकामागे एक माळेत जोडलेले असतात. दिवाळीच्या जुन्या माळेत एक बल्ब गेला की सगळी माळ जायची, तसा त्यांचा स्वभाव. हल्लीच्या पॅनेलमध्ये सावलीतला भाग टाळून वीज पुढे नेणारे बायपास डायोड असतात, त्यामुळे माळ पूर्ण बंद पडत नाही, पण हाताएवढी सावली पॅनेलचा मोठा तुकडा उत्पादनातून बाद करते. आमच्याकडे उन्हाळ्यात साडेचारनंतर एका पॅनेलवर खोलीची सावली येते. ती मी मान्य केली, कारण तोवर दिवसाची कमाई झालेली असते. दहा ते तीन ही वेळ सोडायची नाही.

तोंड दक्षिणेला, कल १५ ते २० अंश. आमचा १५ आहे. फार आडवं ठेवलं तर पावसाने धूळ वाहून जात नाही, खालच्या कडेला चिखलाची पट्टी धरते.

किती किलोवॅट

वीजबिल हातात घ्या. मागच्या महिन्यांचा वापर त्यावर छापलेला असतो. बारा महिने जमा करा, फक्त एप्रिल-मेचा आकडा बघून घाबरून मोठं सोलर घेऊ नका. आमची बेरीज आली ३,८६४ युनिट, म्हणजे महिन्याला ३२२. आपल्या भागात एक किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास देतो, महिन्याला १२०. तीनशे बावीस भागिले एकशे वीस, जवळजवळ पावणेतीन. म्हणून तीन किलोवॅट. जागा किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट धरा, फिरायच्या वाटेसकट.

सबसिडीचं गणितही तीनवरच थांबतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, एकूण ७८,०००. त्यापुढे पाच घ्या की दहा, रक्कम तीच. "मोठं घ्या, सबसिडी जास्त बसेल" असं कोणी म्हणालं तर त्याला चहा द्या आणि पाठवा. एक बारकावा लक्षात ठेवा: पॅनेल आणि इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा) यांपैकी ज्याची क्षमता कमी, ती सबसिडीसाठी धरतात. आमचे ५४० वॅटचे सहा पॅनेल, म्हणजे ३.२४ किलोवॅट, आणि इन्व्हर्टर तीनचा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. गच्ची सोसायटीची, तेव्हा आधी ठराव. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी सोसायटीने बसवलं तर किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. मेंटेनन्सच्या वादापेक्षा हे मला बरं वाटतं.

बिलावर नाव कोणाचं

इथे आमचे तीन महिने गेले. अर्ज या योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून करायचा असतो. मी बिल समोर घेतलं, बारा आकडे टाकले आणि पडद्यावर नाव उमटलं सासऱ्यांचं. ते जाऊन तेरा वर्षं झाली होती. घरपट्टी ह्यांच्या नावावर, पाणीपट्टी ह्यांच्या नावावर, वीजबिल मात्र अजून दादांचं. दर महिन्याला ते बिल मीच भरत होते आणि वरचं नाव मला कधी दिसलं नाही. लेखा विभागात आयुष्य काढलेल्या बाईची ही गोष्ट आहे, तेव्हा तुम्हीही आत्ता उठून बिल बघून या.

अर्जदार, बिल आणि ज्या खात्यात सबसिडी यायची ते बँक खाते, तिन्हीकडे नाव एकच हवं. नाव बदलायला मृत्यूचा दाखला, मालकीचा कागद किंवा घरपट्टीची पावती आणि बाकी वारसांची संमती लागली. दोन फेऱ्या माझ्याच चुकीने झाल्या, संमतीपत्र अर्धवट होतं. नणंदा दोघी मालेगावला. राखीपौर्णिमेला आल्या तेव्हा पुरणपोळीनंतर सह्या घेतल्या. धाकटी म्हणाली, "वहिनी, ओवाळणीत हे काय?" पण केली सही.

त्याच वेळी मंजूर भारही, म्हणजे वीज कंपनीने तुमच्या घराला किती किलोवॅटची परवानगी दिली आहे तेही, बिलावर बघून ठेवा. जुन्या घरांचा तो एक किंवा दोन किलोवॅटच असतो आणि सोलर त्याहून मोठं बसवायचं तर वाढवावा लागतो. घरगुती दहा किलोवॅटपर्यंत वेगळ्या तांत्रिक तपासणीची मंजुरी आता लागत नाही, तेवढी एक पायरी वाचते.

कोटेशन वाचायची रीत

पोर्टलवर नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी असते, त्याबाहेरच्याकडून घेतलं तर सबसिडी विसरा. आम्ही तीन कोटेशन घेतली. १,८५,००० पासून २,२०,००० पर्यंत. सगळ्यात स्वस्तात, पॅनेल ज्यावर बसतात त्या सांगाड्याची उंची लिहिलेलीच नव्हती. विचारल्यावर कळलं की जमिनीलगतचा सांगाडा धरला आहे, वर उचलायचा तर वेगळे पैसे. शेवटी १,९५,००० ला ठरलं.

मी ज्या ओळी लिहून मागितल्या त्या अशा. पॅनेल कोणत्या कंपनीचे, किती वॅटचे, आणि ते डीसीआर आहेत का. डीसीआर म्हणजे सेलसकट भारतात बनलेले. सबसिडीला तेच चालतात, आणि बाहेरून दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून प्रत्येक पॅनेलच्या मागचा क्रमांक बसवायच्या आधी वहीत उतरवून घ्या, पुढे पोर्टलवरही तोच लागतो. सांगाडा गरम जस्तात बुडवलेल्या लोखंडाचा आणि थर किती मायक्रॉनचा. आमचा ८०. अर्थिंगचे खड्डे किती. वीज अटकाव, म्हणजे आभाळातून पडणारी वीज जमिनीत उतरवणारा दांडा, आहे का. नेट मीटरचा (बाहेर दिलेली आणि बाहेरून घेतलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) आणि तपासणीचा खर्च कोणाचा. पाच वर्षांची देखभाल योजनेच्या करारातच असते, ती कोणी मेहेरबानी म्हणून सांगत असेल तर नीट हसा.

सौर उपकरणांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. आम्ही आधीच घेतल्यामुळे आमचं नशीब. तुमच्या कोटेशनमध्ये जुना दर दिसला तर बोट ठेवा.

पैसे टप्प्याने. आम्ही शेवटचे दहा टक्के नेट मीटर चालू होईपर्यंत राखले. त्या दहा टक्क्यांनी जेवढे फोन उचलले गेले तेवढे उरलेल्या नव्वदांनी नाही.

कोबा फोडू देऊ नका

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्याकडे जुन्या घरांच्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर चायना चिप्स, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे, असतात. गळती थांबते ती त्या थरामुळे. कारागिरांना मात्र घाई असते. ड्रिल लावायचं, अँकर बोल्ट ठोकायचे, दुपारपर्यंत सांगाडा उभा. पाऊस आला की त्या भोकांतून पाणी कोब्यात उतरतं आणि दोन वर्षांनी खालच्या खोलीच्या छताला पोपडे येतात. तेव्हा सोलरवाला म्हणतो स्लॅब जुना आहे.

आम्ही भोक पाडू दिलं नाही. प्रत्येक पायाखाली फूटभर लांब-रुंद-उंच काँक्रीटचा ठोकळा ओतून घेतला. चिप्स फक्त खरवडल्या, त्यावर वॉटरप्रूफिंगचा हात दिला, आणि बोल्ट ठोकळ्यातच आधी धरून ठेवले. मुकादम कुरकुरला, कारण ठोकळ्यांवर ओलं गोणपाट टाकून आठवडाभर पाणी मारावं लागतं आणि त्याचा दिवस वाया जातो. पाणी मी मारलं. सकाळ-संध्याकाळ, तुळशीला घालताना तिकडेही. ठोकळे गच्चीच्या उताराच्या आड येणार नाहीत, पावसाचं पाणी पन्हाळीकडे मोकळं जाईल, हेही ओतण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघितलं.

ताशी १५० किलोमीटरच्या वाऱ्याला टिकेल असा सांगाडा मागा आणि तिरके आधार आहेत ना ते बघा. मेअखेरीस वळवाच्या आधी जी वावटळ उठते तिला एवढा मोठा आडवा पत्रा म्हणजे शीडच. साइटवर जिथे लोखंड कापलं किंवा भोक पाडलं तिथलं जस्त गेलेलं असतं. तिथे झिंकचा रंग लगेच मारून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात तांबडे ओघळ. वायर बांधायला पांढऱ्या नायलॉनच्या पट्ट्या वापरल्या तर उन्हाने दोन वर्षांत कुरकुरीत होऊन तुटतात. काळ्या, उन्हाला टिकणाऱ्या किंवा स्टीलच्या मागा.

आता अर्थिंगचे खड्डे. अर्थिंग तीन वेगवेगळी हवीत: पॅनेल-सांगाड्याचं एक, इन्व्हर्टर आणि घराकडे जाणाऱ्या (एसी) विजेच्या बाजूचं दुसरं, वीज अटकावाचं तिसरं. नाशिकची जमीन म्हणजे वर वीतभर माती, खाली मुरूम, आणि मग काळा पाषाण. आमच्या पार्किंगमध्ये चार फुटांवरच पहार वाजायला लागली. दोन खड्डे झाले आणि संध्याकाळी मी बाजारातून परत येते तो काम संपलेलं. कोटेशनमध्ये तीन खड्डे, जमिनीत दोनच. वीज अटकावाची पट्टी इन्व्हर्टरच्याच खड्ड्यात जोडून टाकली होती. म्हणजे वीज पडली तर तिने आधी घरातल्या वायरिंगची ओळख करून घ्यावी. मी रजिस्टर उघडून ओळ दाखवली. दुसऱ्या दिवशी यंत्र आणून खडक फोडला, तिसरा खड्डा झाला. अर्थिंगचा रोध (रेझिस्टन्स) ५ ओहमच्या आत आहे हे मीटर लावून तुमच्यासमोर मोजायला सांगा, आकडा लिहून घ्या.

इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका, दुपारी तो तापतो आणि तापला की उत्पादन कमी करतो. आमचा जिन्यात, डोळ्यांच्या उंचीवर, नातवाचा हात पोहोचणार नाही असा. सहा पॅनेलची माळ उन्हात जवळजवळ ३०० व्होल्ट डीसी धरून असते. घरातला मेन स्विच पाडला तरी त्या लाल-काळ्या वायरीत ती असतेच. ऊन आहे तोवर ती बंद होत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. त्या जोडण्यांना हात फक्त कारागिराने लावायचा.

मीटरचं बोलणं

१० फेब्रुवारी २०२५ ला नेट मीटर लागलं, तपासणी झाली, आणि महिनाभरात ७८,००० खात्यात आले. त्यानंतर पंधरा दिवसांनी समोरच्या वहिनींनी, ज्यांच्याकडेही तेव्हाच सोलर लागलं होतं, मला घाबरून बोलावलं. "मोबाइलवर चारशे युनिट दाखवतंय आणि मीटरवर तीनशेच. शंभर कुठे गेले हो?"

कुठे गेले नाहीत, घरात खपले. मोबाइलवर पॅनेलनी बनवलेली सगळी वीज दिसते. दिवसा पॅनेलची वीज आधी तुमच्या फ्रिज-पंख्यात जाते, उरते ती बाहेर. मीटर फक्त बाहेर गेलेली आणि बाहेरून आलेली मोजतं. आमचा पहिला मार्च घ्या. पॅनेलनी बनवले ४३०. त्यातले ३०० बाहेर गेले, १३० घरात वापरले. रात्री बाहेरून घेतले १५०. म्हणजे वापर २८०, आणि बिलात ३०० वजा १५०, दीडशे युनिट आपल्या खात्यात जमा. बिल आलं ते स्थिर आकाराचं. तो सुटत नाही, शून्य युनिट असलं तरी.

पण वहीतली खरी ठेच पुढे आहे. जमा युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण ३१ मार्चपर्यंतच. त्या दिवशी खातं बंद होतं आणि उरलेल्या युनिटांना, आपण वीज घेताना मोजतो त्या दराच्या मानाने, किरकोळ भाव मिळतो. आमचे दीड महिन्यातले दोनशेच्या वर युनिट असे गेले. १ एप्रिलला पाटी कोरी, आणि लगेच कूलरचे दिवस. मग पावसाळा, जुलैत माझ्या वहीत फक्त २२५ युनिटांची नोंद आहे. दिवाळीनंतर ऊन कडक, वापर कमी, युनिट साठायला लागतात, आणि साठले की मार्च. वर्षभराची बेरीज जुळली तरी महिन्यांची तोंडं जुळत नाहीत. म्हणून मोठं सोलर घेण्यात अर्थ नाही, पावणेतीन आलं तर साडेतीन करू नका. आणि जानेवारीनंतर गॅसऐवजी इंडक्शनवर डाळ-भात लावा. मी लावते. सिलिंडर तेवढाच जास्त दिवस जातो. सोलर बसवायचं असेल तर नेट मीटर एप्रिलच्या तोंडावर लागेल असा बेत धरा, आमच्यासारखा फेब्रुवारी नको.

हिशेब विचाराल तर सबसिडी वजा जाता घरचे १,१७,००० गेले. महिन्याचं सरासरी ३,८०० चं बिल जवळपास नाहीसं झालं. मी वसुलीला तीन वर्षं धरली आहेत.

वीज गेली की

पहिल्यांदा भर दुपारी लाइट गेली तेव्हा गल्लीतल्या एका भाऊंनी हाक मारली, "काकू, तुमच्याकडे तर सोलर आहे, मग पंखा का बंद?" लखलखीत ऊन, वर सहा पॅनेल, आणि घरात घाम. साधं ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेलं, सोलर ती लाइन मेली की स्वतःही बंद होतं. मुद्दाम तसं केलेलं असतं, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या गच्चीवरचा करंट बसेल. हे विकताना कोणी आपणहून सांगत नाही. बॅटरीवाला हायब्रिड प्रकार मिळतो, पण महाग. आपल्याकडे लाइट जाते ती तासा-दोन तासांची, तिला आमचा जुना इन्व्हर्टर-बॅटरी पुरतो. तो तसाच ठेवलाय, सोलरशी त्याची गाठ घालू दिली नाही.

धुण्याबद्दल थोडंच. फेब्रुवारी ते मे पंधरवड्यातून दोनदा, एरवी महिन्यातून एकदा. सकाळी काच गार असताना. बोअरचं पाणी वापरू नका, पांढरे डाग बसतात ते निघत नाहीत. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी चांगलं. साबण पावडर नाही, खरारा नाही, लांब दांड्याचा मऊ वायपर. पॅनेलवर पाय ठेवून धुणारा माणूस परत बोलवू नका. कबुतरं खाली घरटी करतात, म्हणून चारी बाजूंनी जाळी पहिल्याच दिवशी. संक्रांतीनंतर एकदा वर जाऊन अडकलेला मांजा काढा.

आणि पाण्याचं सोलर

आमच्याकडे "सोलर" म्हटलं की जुन्या माणसांना अजून पाणी तापवायचंच आठवतं. ते २०१६ पासून आहे, शंभर लिटरचं, काचेच्या नळ्यांचं. नाशिकची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. बजेट कमी असेल तर पॅनेलआधी हेच घ्या, गिझर हा बिलातला मोठा खाऊ. बोअरचं जड पाणी असेल तर क्षार साचतात, वर्षा-दोन वर्षांनी टाकी रिकामी करून साफ करावी लागते.

त्यातली एकच गोष्ट जपा. सफाईवाला आला, टाकी आणि नळ्या रिकाम्या केल्या, जेवायला गेला आणि एक वाजता येऊन नळ सोडला. उन्हात तासभर भाजलेल्या रिकाम्या काचेत गार पाणी. खालून मला टक् असा आवाज आला, वाटलं नातवाने बशी फोडली. वर जाऊन बघते तो एक नळी तडकलेली आणि सगळी टाकी गच्चीवर वाहून चाललेली, कारण एक नळी फुटली की तिच्या भोकातून शंभरच्या शंभर लिटर जातात. भरायचं ते सूर्य वर येण्याआधी किंवा संध्याकाळी, आणि मधे वेळ जाणार असेल तर नळ्यांवर जुनी चादर टाकून. फुटलेली नळी एकटी बदलता येते, सगळा संच घ्यायला लागत नाही, तसं कोणी सांगितलं तर दुसऱ्याला विचारा.